व्हिसा नाकारला, पासपोर्ट एजंटने अडकवून ठेवले

प्रश्न : आमचा सोलापुरात टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मे महिन्यात आम्हा दोघांना स्वित्झर्लंड आणि पॅरिसला जायचं होतं. ओळखीतून मिळालेल्या एका एजंटने ‘व्हिसा हमखास’ म्हणून 1,40,000 रुपये घेतले. त्यातले 60,000 रोख, पावती नाही. पत्नी घर सांभाळते. पण ती एका गारमेंट कारखान्यात अकाउंटंट आहे असं पत्र आणि पगाराच्या स्लिपा त्याने फाइलला लावल्या. पुण्याच्या अर्जकेंद्रावर सही करताना हे आमच्या लक्षात आलं. तो म्हणाला, ‘सगळ्यांचं असंच असतं, काही बोलू नका.’ अर्जाच्या आठ दिवस आधी मेव्हण्याकडून माझ्या खात्यात 5 लाख भरायलाही त्यानेच सांगितलं. स्वित्झर्लंडच्या दूतावासाने दोघांचाही व्हिसा नाकारला. आता एजंट पैसे तर देत नाहीच, उलट ‘बाकी 35,000 द्या, मग पासपोर्ट घेऊन जा’ म्हणतो. पासपोर्ट हरवल्याची तक्रार देऊन नवे काढावेत का? पैसे परत मिळतील का? पुन्हा अर्ज करता येईल का?

उत्तर : पासपोर्ट हरवल्याची तक्रार देऊ नका. ते कुठे आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे ती खोटी तक्रार ठरेल. खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणं हा पासपोर्ट कायदा 1967 च्या कलम 12 खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आत्ता चूक एजंटची आहे. या तक्रारीने ती तुमची होईल.

पासपोर्ट अडकवण्याचा त्याला काहीही हक्क नाही. त्याच्या वकिलाने करार कायद्याचं कलम 221 पुढे केलं तर गांगरू नका. देणं बाकी असेल तर मालकाच्या वस्तू आणि कागद ताब्यात ठेवायचा हक्क ते कलम एजंटला देतं, हे खरं. पण पासपोर्ट तुमच्या मालकीचा नाहीच. पासपोर्ट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे तो कायम केंद्र सरकारची मालमत्ता असतो. पासपोर्ट अडकवून ठेवायचा अधिकार पासपोर्ट प्राधिकरणाचा आहे, पोलिसांनाही तो नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सुरेश नंदा प्रकरणात सांगितलं आहे. मग एजंटची काय कथा?

तेव्हा आजच त्याला व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर चार ओळी लिहा : दोन्ही पासपोर्टचे क्रमांक, ते त्याच्याकडे कधी आले, आणि सात दिवसांत परत द्यावेत. फोनवर भांडू नका, त्याचा पुरावा राहत नाही. हाच मजकूर पोहोच पावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, त्यामुळे खिडकीवर ‘रजिस्टर ए.डी.’ मागून वाद घालू नका.) सात दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याचं ऑफिस ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या, आणि प्रत पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाला पाठवा, सोलापूर जिल्हा त्यांच्याच अखत्यारीत येतो. ठाण्यातून फोन गेला की पासपोर्ट बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी हातात येतात. पासपोर्टसोबत नकाराचं मूळ पत्र आणि सादर केलेल्या संपूर्ण फाइलची प्रत मागायला विसरू नका. ती फाइल पुढे सगळीकडे लागेल.

आता जो भाग तुम्हाला आवडणार नाही तो. पगाराचं खोटं पत्र एजंटने लावलं, पण अर्जावर सही कोणाची? तुमच्या पत्नीची. शेंगेन (युरोपातल्या 29 देशांचा सामाईक व्हिसा) अर्जाच्या शेवटी जाहीर केलेलं असतं की दिलेली माहिती खरी आहे, आणि खोटी निघाल्यास अर्ज फेटाळला जाईल, संबंधित देशाच्या कायद्याखाली खटलाही होऊ शकतो. दूतावासाच्या लेखी एजंट हा माणूस अस्तित्वातच नसतो. तिथे अर्जदार तेवढा असतो. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हा बचावही तुम्हाला नाही, कारण सही करताना ते तुमच्या लक्षात आलं होतं.

म्हणून फौजदारी तक्रारीची घाई नको. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे, बनावट दस्तऐवजाला 336, आणि बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरायला 340. यातलं शेवटचं कलम तुमच्याही अंगाशी येऊ शकतं. त्या गारमेंट कारखान्याचं लेटरहेड बनावट होतं की मालकानेच ओळखीखातर खोटं पत्र दिलं, यावरही कलमं बदलतील. पोलिसांकडचा पहिला अर्ज पासपोर्ट आणि पैसे एवढ्यापुरता ठेवा. त्यात काही खोटं लिहू नका. पगाराच्या कागदांबद्दल विचारलं तर जे घडलं ते सांगा, पण लेखी जबाब देण्याआधी फौजदारी काम करणाऱ्या एखाद्या वकिलासमोर सगळी फाइल ठेवा. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 173(3) प्रमाणे 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. तेव्हा प्रश्न तुम्हालाही विचारले जातील.

पैशासाठी सरळ रस्ता ग्राहक आयोगाचा. तुम्ही सहलीसाठी सेवा घेतली, धंद्यासाठी नाही, त्यामुळे तुम्ही ग्राहक आहात. दिलेली रक्कम 50 लाखांच्या आत असली की तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. एजंटचं ऑफिस पुण्यात वा मुंबईत असलं आणि पावतीवर ‘मुंबई न्यायकक्षा’ छापलेलं असलं तरी तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगातच करता येते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 34 तक्रारदार राहतो त्या ठिकाणी दाद मागू देतं. मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा. काही एजंट तेवढ्यावरच नरमतात.

तक्रारीत काय मागायचं, यावर सगळं अवलंबून आहे. ‘व्हिसा नाकारला म्हणून पैसे परत’ एवढंच लिहाल तर एजंट म्हणेल, व्हिसा देणं माझ्या हातात नव्हतं, आणि ते बरोबरच आहे. तुमची बाजू वेगळी मांडा : त्याने हमखास व्हिसाचं आश्वासन दिलं, चुकीचे कागद लावले, रोख रकमेची पावती दिली नाही, आणि सेवा फसल्यावर पासपोर्ट अडकवले. बिल न देणं ही या कायद्यात स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवेचे पैसे बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर 30 दिवसांत परत न करणं हीसुद्धा. ‘नॉन-रिफंडेबल’ ही छापील अट अन्यायकारक करार म्हणून रद्द करून मागू नका. तो अधिकार राज्य आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही, आणि त्या एका वाक्यावरून तक्रार लांबते.

अपेक्षाही माफक ठेवा. व्हिसा फी दर प्रौढ माणशी 90 युरो आहे (11 जून 2024 पासून) आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. अर्जकेंद्राचं सेवाशुल्कही गेलं. ही रक्कम वजा करून उरलेल्या पैशांचा हिशेब मागा. विमानाचं तिकीट खरंच काढलं होतं का, ते एअरलाइनकडे पीएनआर देऊन स्वतः तपासा. खरं तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतं, आणि ते बरेचदा एजंटच्या खात्यात येऊन तिथेच राहतं. टूर पॅकेज म्हणून टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करून सरकारला भरायचा आयकर) घेतला असेल तर तुमच्या आयकर खात्यावरच्या 26एएस या कर-नोंदीत तो दिसायला हवा. दिसत नसेल तर हा मुद्दा तक्रारीत घाला. आणि खोट्या कागदांना तुम्ही गप्प राहून साथ दिलीत असं एजंट आयोगासमोर म्हणणार, हे गृहीत धरा. त्याने नुकसानभरपाईची रक्कम खाली येईल.

60,000 रोखीचा पुरावा म्हणजे चॅट. ‘साठ मिळाले’ असं त्याने कुठे लिहिलंय का शोधा. त्या सुमाराला बँकेतून तेवढी रक्कम काढल्याची नोंदही चालते. फोन बदलू नका, रिसेट करू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात मूळ उपकरणाची माहिती द्यावी लागते.

राहिला पुढचा व्हिसा. नकाराविरुद्ध दाद मागता येते. स्वित्झर्लंडच्या बाबतीत पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत त्यांच्या स्थलांतर खात्याकडे हरकत नोंदवायची, त्यांच्या अधिकृत भाषेत, आणि 200 फ्रँक आगाऊ भरायचे. तुमच्या प्रकरणात माझा सल्ला ‘करू नका’ असाच राहील. हरकत घेणं म्हणजे त्याच फाइलला खरं म्हणून पुन्हा उभं करणं.

नव्याने अर्ज करा. शेंगेनमध्ये ठरावीक बंदीचा काळ नाही, पण तुमचा अर्ज आणि नकार व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षं राहतो आणि सगळ्या 29 देशांच्या दूतावासांना दिसतो. ‘यंदा इटलीतून टाकू’ असं कोणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. अर्ज जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा; रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार तिथे.

पत्नीच्या अर्जात व्यवसाय ‘गृहिणी’ लिहा. गृहिणीला व्हिसा मिळत नाही हा एजंटांनी पसरवलेला समज आहे. खर्च पती करणार असल्याचं तुमचं पत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि तुमची तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं एवढ्याने तो प्रश्न मिटतो. सोबत जीएसटी नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र, कारखान्याचा सातबारा किंवा मिळकत उतारा. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. नागरी सहकारी बँकेत खातं असेल तर पासबुकाची झेरॉक्स चालणार नाही. शिक्का-सहीसह इंग्रजी स्टेटमेंट मागून घ्या.

मेव्हण्याचे 5 लाख बँकेतूनच परत करा. (उसने 20,000 किंवा त्याहून जास्त रोखीने घेणं किंवा फेडणं दोन्ही आयकरात अडचणीचं.) मग सहा महिने खातं धंद्याच्या नेहमीच्या उलाढालीवर चालू द्या. अधिकारी शिल्लक बघतो त्याहून जास्त ती कुठून आली हे बघतो. दोन-अडीच लाख सातत्याने असलेलं खातं अचानक फुगलेल्या सात लाखांपेक्षा विश्वासाचं.

अर्जासोबत एका पानाचं पत्र द्या. मागच्या अर्जात पत्नीची नोकरी चुकीची दाखवली होती, ते कागद मध्यस्थाने तयार केले, आम्ही सही करायला नको होती, खरी स्थिती सोबत जोडली आहे. रडगाणं नको, एजंटला शिव्या नकोत. हे लिहूनही पुन्हा नकार येऊ शकतो, कारण खोट्या कागदाचा डाग एका पत्राने जात नाही. पण न लिहिता केलेला अर्ज जवळपास नक्की पडेल. उद्या कॅनडा किंवा ब्रिटनचा अर्ज भरलात तर तिथे ‘यापूर्वी कुठे व्हिसा नाकारला का’ हा प्रश्न थेट असतो. तिथे ‘नाही’ लिहिलंत आणि सापडलात तर कॅनडात पाच, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत दार बंद.

हॉटेलं फुकट रद्द करता येतील अशीच घ्या, पण निर्णय येईपर्यंत रद्द करू नका. दूतावास पडताळणी करतो आणि रद्द झालेलं बुकिंग खोटंच धरलं जातं. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आतला, दोन कोरी पानं असलेला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. निर्णय साधारण 15 दिवसांत, अडलं तर 45. पुढच्या मे महिन्यात जायचं असेल तर जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली की कामाला लागा. एप्रिलमध्ये पुण्याच्या अपॉइंटमेंट मिळवताना नाकी नऊ येतात.

या वेळी अर्ज स्वतः भरा. फार तर एखाद्याकडून टाइप करून घ्या, आणि हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसण्याआधी फाइलचं प्रत्येक पान दोघांनी वाचा.