वाचकांचे प्रश्न : यादीतले स्विच आणि रॅकमधले स्विच

प्रश्न : आमच्या संस्थेतील सर्व स्विच आणि राउटर (नेटवर्क जोडणारी उपकरणे) यांची नोंद एका एक्सेल तक्त्यात ठेवलेली आहे. लेखापरीक्षणाच्या वेळी तक्त्यातील सिरियल क्रमांक आणि प्रत्यक्ष उपकरणांवरील क्रमांक जुळत नाहीत, आणि दर वर्षी तक्ता नव्याने करावा लागतो. यादी कायम अद्ययावत ठेवण्याचा मार्ग कोणता?

उत्तर : आपल्या तक्त्यात दोन वेगळ्या प्रकारची माहिती एकत्र झालेली असावी. मॉडेल, सिरियल क्रमांक, फर्मवेअरची (उपकरणातील मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती, बसवलेली मोड्यूल आणि पॉवर सप्लाय ही माहिती उपकरणाला स्वतःलाच ठाऊक असते, त्यामुळे ती कोणीही हाताने लिहू नये. उपकरण कोणत्या खोलीत आहे, कोणत्या विभागासाठी घेतले, वॉरंटी केव्हा संपते आणि अमुक पोर्ट (केबल जोडण्याची जागा) कशासाठी राखलेला आहे, हे मात्र उपकरण कधीच सांगू शकणार नाही. ते माणसानेच लिहावे लागते. हे दोन भाग वेगळे केले की पहिला भाग रोज आपोआप गोळा करता येतो आणि आपले कष्ट फक्त दुसऱ्या भागापुरते उरतात.

सिस्कोच्या स्विचवर ‘शो इन्व्हेंटरी’ ही आज्ञा दिल्यास भागवार यादी मिळते. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे असतील, तर एसएनएमपी या, उपकरणांची माहिती दुरून वाचण्याच्या पद्धतीने ‘एंटिटी एमआयबी’ (उपकरणातील भागांचा तक्ता) वाचावी. तिच्यात चॅसिस (उपकरणाचा मुख्य सांगाडा), चॅसिसमधील मोड्यूल, पंखे, पॉवर सप्लाय आणि बहुधा फायबर केबल जोडण्याची सुटी एसएफपी ट्रान्सीव्हरसुद्धा, कोणता भाग कशात बसला आहे या नात्यासह नोंदलेली असतात. रोजच्या वाचनात कालच्यापेक्षा काय बदलले तेवढेच पाहावे. वॉरंटीत बदलून आलेल्या पॉवर सप्लायचा नवा सिरियल क्रमांक अशा फरकातच सापडतो. आपल्याकडील विसंगतीचा बराचसा भाग अशा बदल्यांतून आलेला असण्याची शक्यता मला दिसते.

या पद्धतीतही फसण्याच्या जागा आहेत. स्टॅक केलेले, म्हणजे एकत्र जोडून एकच स्विच म्हणून चालवलेले, चार स्विच एकाच आयपी पत्त्यावर उत्तर देतात, म्हणून आयपी मोजून यादी केली तर त्यांतले तीन नाहीसे होतात. मोजणी नेहमी चॅसिसच्या सिरियल क्रमांकावर करावी. कपाटात ठेवलेले सुटे स्विच नेटवर्कवर उत्तर देणारच नाहीत, त्यांची नोंद हातानेच राहील. पोर्टची ओळख उपकरणाने पोर्टला दिलेल्या ‘इफइंडेक्स’ या अंकावर बांधू नये, कारण उपकरण पुन्हा सुरू झाल्यावर किंवा नवे कार्ड बसवल्यावर हा अंक बदलू शकतो आणि मग एका पोर्टचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर जमा होऊ लागतो. त्याऐवजी पोर्टचे नाव वापरावे.

यादीत नसलेली उपकरणे शोधण्यासाठी एलएलडीपी या, शेजारच्या उपकरणाला स्वतःची ओळख कळवण्याच्या पद्धतीतील शेजारी-तक्त्याचा उपयोग होतो. एलएलडीपीच्या ८०२.१एबी या मानकाप्रमाणे चालणारे उपकरण सामान्यतः दर ३० सेकंदांनी आपले नाव आणि पोर्ट शेजाऱ्याला कळवते, आणि शेजारी ती माहिती १२० सेकंद जपून ठेवतो. कोणीतरी टेबलाखाली जोडलेला साधा स्विच मात्र एलएलडीपी बोलत नाही; एकाच अ‍ॅक्सेस पोर्टवर (वापरकर्त्याचे उपकरण जोडण्याच्या जागेवर) पाच-सहा मॅक पत्ते (नेटवर्क-कार्डांचे ओळख क्रमांक) दिसू लागले, तर तिथे जाऊन पाहावे.

प्रश्न : एका सर्व्हरच्या पोर्टवर पिंग (पोहोच तपासणाऱ्या छोट्या संदेशाचे उत्तर) व्यवस्थित मिळते, परंतु मोठी फाइल पाठवताना वेग अतिशय कमी होतो. सहकाऱ्यांच्या मते स्विचवर वेग आणि डुप्लेक्स (दोन्ही दिशांची रहदारी एकाच वेळी, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) हाताने ठरवून टाकावेत. तसे करावे का?

उत्तर : करू नये, किंबहुना कोणीतरी तसे आधीच केलेले असावे, अशी मला शंका आहे. एका टोकाला १०० एमबीपीएस आणि फुल डुप्लेक्स हाताने ठरवले आणि दुसरे टोक ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी बोलणी करून ठरवण्यावर, राहिले, तर ऑटोवरील टोकाला सिग्नलवरून वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि नियमानुसार ते हाफ डुप्लेक्स धरून चालते. रहदारी थोडी असेपर्यंत काही बिघडल्याचे जाणवत नाही, म्हणूनच पिंग मिळते. रहदारी वाढली की हाफ बाजूला ‘लेट कोलिजन’ (उशिरा होणाऱ्या टकरी) आणि फुल बाजूला सीआरसीच्या (बिघडून आलेल्या माहितीच्या) त्रुटी वाढू लागतात. दोन्ही टोकांचे आकडे शेजारी ठेवून पाहिल्यास ही जोडी लगेच ओळखू येते. उपाय म्हणजे दोन्ही टोके ऑटोवर ठेवणे. तांब्याच्या केबलवरील गिगाबिट इथरनेटमध्ये तर ही आपापसातील बोलणी मानकानेच आवश्यक ठरवलेली आहेत.

दोन्हीकडे ऑटो असूनही जोडणी १०० वरच थांबत असेल, तर केबल तपासावी. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच. एखादी जोडी तुटल्यास अनेक उपकरणे मुकाट्याने खालच्या वेगावर उतरतात.

त्रुटींचा एकूण आकडा पाहून घाबरू नये, कारण तो कित्येक महिन्यांचा साठलेला असू शकतो. दहा मिनिटांत किती वाढला ते पाहावे. रहदारी मोजताना ६४ बिटांचे काउंटर वापरावेत. पूर्ण भरलेल्या गिगाबिट पोर्टवर ३२ बिटांचा बाइट काउंटर साधारण ३४ सेकंदांत शून्यावर येतो, आणि पाच मिनिटांनी घेतलेली नोंद मग निरर्थक ठरते.

प्रश्न : वापरात नसलेले पोर्ट बंद करण्याचा आदेश आला आहे. ‘डाउन’ दिसणारे सर्व पोर्ट बंद केले तर चालेल का?

उत्तर : नाही. पोर्टला दोन स्थिती असतात : आपण त्याला चालू ठेवले आहे की बंद, ही प्रशासकीय स्थिती, आणि त्यावर प्रत्यक्ष जोडणी आहे की नाही, ही कार्यस्थिती. या क्षणी जोडणी नसलेला पोर्ट महिनाअखेरीस लागणाऱ्या यंत्राचा असू शकतो. मॅक तक्त्यावरही, म्हणजे कोणत्या पोर्टवर कोणता मॅक पत्ता दिसला त्या यादीवरही, विसंबू नये. त्यातील नोंद बहुतेक स्विचवर ३०० सेकंद हालचाल न झाल्यास पुसली जाते, म्हणून शांत बसलेला प्रिंटर तिथे दिसत नाही.

पोर्टची स्थिती शेवटची केव्हा बदलली ही वेळ उपकरणाकडून मिळते, परंतु ती उपकरण सुरू झाल्यापासून मोजली जाते, आणि तो मोजणारा काउंटर सुमारे ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावरून सुरू होतो. त्यामुळे रोजच्या नोंदी निदान एक पूर्ण तिमाही साठवाव्यात, त्या काळात एकदाही न उठलेल्या पोर्टची यादी संबंधित विभागांना दाखवावी, आणि मगच ते बंद करावेत. बंद करताना पोर्टच्या वर्णनात दिनांक आणि कारण लिहावे. एखादा पोर्ट ‘एरर डिसेबल्ड’ दिसत असेल, तर तो रिकामा समजू नये. बहुधा त्यावर पोर्ट सुरक्षेचा किंवा बीपीडीयू गार्डचा (त्या पोर्टवर दुसरा स्विच जोडू न देणाऱ्या संरक्षणाचा) नियम मोडला गेल्याने स्विचनेच तो बंद केलेला असतो, आणि कारण दूर न करता पुन्हा चालू केल्यास तो परत बंद पडतो.

प्रश्न : दूरच्या इमारतीतील स्विचच्या ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅनची रहदारी एकत्र नेणाऱ्या पोर्टवर) एक नवे व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळे राखलेले आभासी नेटवर्क) जोडायचे आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : सिस्कोच्या आज्ञेत ‘अ‍ॅड’ हा शब्द राहून गेला, तर नवे व्हीलॅन जुन्या यादीत मिळवले न जाता सारी जुनी यादी पुसून तेवढे एकच उरते, आणि त्या पोर्टवरूनच आपण स्विचपर्यंत पोहोचत असाल, तर आपला संपर्कही त्याच क्षणी तुटतो. म्हणून आधीचे कॉन्फिगरेशन साठवून घ्यावे आणि ‘रीलोड इन १०’ अशी आज्ञा देऊन ठेवावी. संपर्क तुटला, तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या साठवलेल्या कॉन्फिगरेशनसह उठेल, अर्थात त्या इमारतीचे नेटवर्क तेवढा वेळ थांबेल. बदल यशस्वी झाला, तर ‘रीलोड कॅन्सल’ देऊन मगच नवे कॉन्फिगरेशन साठवावे. हा क्रम उलटा झाला, तर ठेवलेल्या आज्ञेचा काहीच उपयोग राहत नाही. ज्युनिपरच्या उपकरणांवर ‘कमिट कन्फर्म्ड’ हेच काम उपकरण पुन्हा सुरू न करता करते : ठरलेल्या मुदतीत, म्हणजे काही न सांगितल्यास १० मिनिटांत, पुष्टी मिळाली नाही, तर आधीची मांडणी परत येते.