'गोट' : आजवरचा थोर की बळीचा बकरा?

एका वाचकाचा प्रश्न आहे : "बास्केटबॉलवर मराठीत लिहायला लागलो आहे. मायकेल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्सबद्दल लिहिताना 'गोट' हा शब्द काही टळत नाही. त्याला मराठीत काय म्हणावे? 'सर्वकालीन महान' लिहिले की शोकसभेतल्या भाषणासारखे वाटते. शिवाय वडील म्हणतात, जुन्या अमेरिकन मासिकांत त्यांनी हा शब्द नेमका उलट्या अर्थाने वाचला होता. खरे का?"

वडिलांचे खरे आहे, आणि प्रश्नातला रंगतदार भाग तोच, म्हणून आधी तो घेतो.

आजचा 'गोट' म्हणजे 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम' यातली आद्याक्षरे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकन खेळांच्या बातम्यांत चार पायांचा, साधासुधा गोट नांदत होता. ज्याच्या चुकीने सामना गेला, तो गोट. मूळ बायबलमधल्या एका विधीत आहे. दोन बोकड आणायचे. एकाचा बळी द्यायचा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्या समाजाची पापे ठेवून त्याला रानात हाकलायचे. हा दुसरा म्हणजे 'स्केपगोट'. खेळाच्या बातम्यांत त्यातला 'स्केप' गळला.

आपला बळीचा बकरा याचाच भाऊबंद, पण एक फरक आहे. आपल्या बकऱ्याची मान जाते आणि विषय मिटतो. त्यांचा बोकड जिवंत सुटतो आणि उरलेला जन्म पापे डोक्यावर घेऊन हिंडतो. खेळाडूच्या बाबतीत मला हे दुसरेच जास्त खरे वाटते.

फ्रेड मर्कल घ्या. सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज, खेळ बेसबॉल. मर्कल १९ वर्षांचा. नवव्या डावात सहकाऱ्याने फटका मारला, तिसऱ्या बेसवरचा गडी धाव पूर्ण करून घरी पोचला, सामना जिंकलाच असे समजून प्रेक्षक मैदानात घुसले. पहिल्या बेसवरून निघालेला मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच माघारी वळला. तेव्हा बहुतेक जण असेच करत. पण कब्जच्या जॉनी एव्हर्सला नियम पाठ होता. त्याने चेंडू मागवून तो बेस गाठला, पंचांनी मर्कलला बाद दिले आणि जिंकून देणारी धाव रद्द झाली. सामना पुन्हा खेळवला, तो कब्जने मारला आणि पुढे अजिंक्यपदही नेले. मर्कल त्यानंतर बरीच वर्षे चांगला खेळला. लोकांच्या लक्षात राहिला तो न टेकलेला पाय.

याच कब्जना पुढचे अजिंक्यपद मिळाले थेट २०१६ मध्ये! मधल्या दुष्काळाचे खापर फुटले तेही एका खऱ्याखुऱ्या बोकडावर. १९४५ च्या वर्ल्ड सिरीजला बिली सायनिस नावाचा बारमालक आपला मर्फी नावाचा बोकड घेऊन आला. वास येतो म्हणून बोकडाला बाहेर काढले, आणि चिडलेल्या सायनिसने संघाला शाप दिला, अशी आख्यायिका आहे. म्हणजे कब्जना एका गोटने तारले आणि दुसऱ्याने बुडवले.

तुम्ही बास्केटबॉलवर लिहिता म्हणून तिथलेही उदाहरण देतो. ते बेसबॉलच्या दोन्हींपेक्षा सरस आहे.

३१ मे २०१८, ओकलंड. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना, क्लीव्हलंड विरुद्ध गोल्डन स्टेट. गुण १०७-१०७, घड्याळात ४.७ सेकंद. क्लीव्हलंडच्या जॉर्ज हिलचा दुसरा फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेली मोकळी फेक, हुकला, पण परत आलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, त्यांच्याच जे. आर. स्मिथच्या हातात पडला, तोही बास्केटच्या पुढ्यात. आता वर उडी मारायची किंवा निदान टाइमआउट मागायचा. हा पठ्ठ्या चेंडू घेऊन बास्केटपासून लांब, मैदानाच्या मध्याकडे निघाला, जणू आपलाच संघ पुढे आहे. लेब्रॉन जेम्सने त्या रात्री ५१ गुण केले होते. तो दोन्ही हात पसरून, बास्केट तिकडे आहे रे बाबा, अशा आविर्भावात स्मिथकडे बघतो आहे, ते छायाचित्र जगभर फिरले. जादा वेळेत क्लीव्हलंड १२४-११४ असे हरले आणि मालिका ४-० अशी गेली.

त्या एका छायाचित्रात शब्दाचे दोन्ही अर्थ शेजारीशेजारी उभे आहेत. डावीकडून वाचा की उजवीकडून, दोघेही गोट.

माझे विचाराल तर स्मिथवर अन्याय झाला. थ्रो हुकला तो हिलचा. शिल्लक टाइमआउट न घेता प्रशिक्षकही बाकापाशी उभेच राहिले. जादा वेळेत संघाने मान टाकली, त्यात स्मिथ एकटा नव्हता. पण 'अश्वं नैव गजं नैव व्याघ्रं नैव च नैव च, अजापुत्रं बलिं दद्यात्' हे आपल्याकडे कुणीतरी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. घोडा नको, हत्ती नको, वाघ तर नकोच नको. शेळीचे पोर आणा, कारण देवसुद्धा दुबळ्याचाच घात करतो. क्रीडा समालोचकांना हा श्लोक माहीत नसेल, पाळतात मात्र न चुकता.

आता शब्द उलटला कसा? त्याचे श्रेय मुख्यतः मुहम्मद अलीकडे जाते. 'मी सगळ्यांत थोर' हे तो स्वतःच साठच्या दशकापासून सांगत होता. १९९२ मध्ये त्याची पत्नी लॉनी हिने त्याच्या व्यवसायासाठी कंपनी काढली, तिच्या नावात ही चार आद्याक्षरे आली. २००० साली एलएल कूल जे या रॅपरने आपल्या अल्बमला तेच नाव दिले, आणि तिथून शब्द पोरांच्या तोंडी बसला. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन इंग्रजी कोशात तो २०१८ मध्ये दाखल झाला. स्मिथचा घोळही त्याच वर्षीचा, हा निव्वळ योगायोग.

पण बास्केटबॉलमध्ये एक गोट आधीपासून होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला अर्ल मॅनिगॉल्ट. उंची सहा फुटांच्या जरा वर, उडी मात्र दंतकथेतली. शाळेत कुणा शिक्षकाने आडनावाचा उच्चार 'मॅनिगोट' असा केला, त्यातून 'द गोट' झाला, असे सांगतात. एनबीएत तो एकही सामना खेळला नाही. अमली पदार्थांनी घात केला, तुरुंगही पाहिला. नंतर त्याच वस्तीतल्या मुलांना त्या वाटेपासून दूर ठेवण्यासाठी तो स्पर्धा भरवू लागला. त्याच्या नावाने ओळखले जाणारे 'गोट पार्क' मॅनहॅटनमध्ये आहे. एनबीएतला दिग्गज करीम अब्दुल-जब्बारसारखा माणूस त्याला थोर खेळाडूंत गणायचा. आद्याक्षरांची भानगड नसताना मिळालेले हे नाव मला आजच्या सगळ्या गोटांपेक्षा जास्त आवडते.

आता मराठी.

'बकरी' किंवा 'बकरा' हे भाषांतर बादच समजा. इंग्रजीत ही कोटी उच्चारावर चालते, म्हणून जिम्नॅस्ट सिमोन बायल्स पोषाखावर चमकत्या खड्यांची बकरी मिरवू शकते आणि पाहणाऱ्याला तिचा नेम कळतो. मराठीत 'मेस्सी बकरा आहे' असे लिहिलेत तर वाचक विचारेल, कुणी बनवला? आपल्याकडे या प्राण्याची पत फारच बेताची. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. मान द्यायचा तर आपण सिंहाकडे जातो. कुस्तीत मैदान मारणारा महाराष्ट्र केसरी होतो, हिंदकेसरी होतो. 'महाराष्ट्र बोकड' हा किताब घ्यायला कोण लाल मातीत उतरेल?

देवनागरीत नुसते 'गोट' लिहिण्यालाही अडचण आहे. ही जागा रिकामी नाही. 'गोट' म्हणजे छावणी, लष्कराचा तळ. साताऱ्यात 'पंताचा गोट' नावाची वस्ती आजही आहे आणि वर्तमानपत्रांत रोज कुणाच्या ना कुणाच्या गोटात खळबळ उडते. 'गोट' म्हणजे हातातला सोन्याचा भरीव दागिनाही, पाटल्या-बांगड्यांच्या सोबतीचा. 'लेब्रॉनच्या गोटात आनंद' हा मथळा वाचून कुणालाही त्याचा संघ आठवेल, त्याची थोरवी नव्हे.

या दोघांना वेगळे ठेवण्याची सोय मराठीने नकळत केली आहे, ती सामान्यरूपात. जुना, घरचा 'गोट' विकारी आहे : गोटात, गोटाकडे. नवा पाहुणा अजून अविकारी आहे : 'त्या गोटला विचार', 'गोटने परत थ्री मारला'. परके शब्द आधी असेच ताठ राहतात आणि मुरल्यावर वाकतात. 'कोट' आता इतका मुरला आहे की आपण बिनदिक्कत 'कोटाच्या खिशात' म्हणतो, पण 'माउसाने क्लिक कर' म्हणत नाही. तेव्हा 'गोट' तसाच ठेवायचा असेल तर प्रत्यय थेट लावा. पहिल्यांदा येईल तिथे अवतरण चिन्हे द्या, मग सोडून द्या.

राहिला 'सर्वकालीन महान'. त्याच्या कृत्रिमपणाबद्दल तुमची तक्रार आहे, माझी तक्रार अर्थाची. सर्व काळात उद्याही आला. उद्याचे कुणी पाहिले? आणि बास्केटबॉलमध्ये तर कालचेही धड मोजलेले नाही. बिल रसेलने १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे मिळवली, शेवटची दोन तर खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत. समोरच्याचा फेकलेला चेंडू हवेत अडवणे ही त्याची खासियत, आणि एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामात, तो निवृत्त झाल्यावर! अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब १९६९ मध्ये सुरू झाला, रसेलच्या शेवटच्या मालिकेत, आणि तो दिला हरलेल्या संघाच्या जेरी वेस्टला. पुढे २००९ मध्ये त्याच किताबाला रसेलचे नाव दिले. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ रोजी हर्शी गावात एका सामन्यात १०० गुण केले, त्याचे चलच्चित्रच नाही. तीन गुणांची रेषा आली १९७९-८० मध्ये. स्टीफन करी साठच्या दशकात जन्मला असता तरी चालले असते, पण तेव्हा खेळत असता तर त्याच्या लांबच्या फेकीला दोनच गुण पडले असते.

क्रिकेटवाल्यांचे बरे आहे. ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी सगळा वाद जागच्या जागी मिटवते. शंभर भरायला चार धावा हव्या असताना १९४८ साली ओव्हलवर तो शून्यावर गेला, तरी कुणी त्याला जुन्या अर्थाने गोट म्हटले नाही. बास्केटबॉलमध्ये असा एक आकडा नाही. जॉर्डनवाले म्हणणार सहा अंतिम मालिका, सहा अजिंक्यपदे. लेब्रॉनवाले म्हणणार करीमचा ३८,३८७ गुणांचा विक्रम २०२३ मध्ये मोडला, तीन वेगवेगळ्या संघांना अजिंक्यपद मिळवून दिले. मी जॉर्डनच्या बाजूचा, पण कारण अगदी फुटकळ आहे : विक्रम ऐन भरात असताना खेळ सोडून बेसबॉलच्या दुय्यम संघात जाऊन .२०२ च्या सुमार सरासरीने खेळायला जी बेफिकिरी लागते, ती दुसऱ्या कुणात नाही. आजच्यांत मला निकोला योकिच आवडतो. धावताना तो उशिरा उठून बस पकडायला निघाल्यासारखा दिसतो, आणि त्याचा पास कुठून निघाला हे समोरच्यांना गुण लागल्यावर कळते. एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात, त्या २०१४ च्या निवडीत तो ४१ वा होता.

म्हणून गंभीर लेखात 'आजवरचा' वापरा. 'जॉर्डन हा आजवरचा सर्वांत मोठा बास्केटबॉलपटू' या वाक्यात जोर पुरेसा आहे आणि उद्याची हमी नाही. दोन्ही काळांवर दावा सांगायचाच असेल तर 'न भूतो न भविष्यति' तयार आहे, पण तो इतक्या सत्कारांत वापरून झाला आहे की रसेललाही आता पुरा पडणार नाही.

गप्पांच्या ढंगात लिहीत असाल तर परदेशी बोकड कशाला, 'बाप' आहे ना. 'लेब्रॉन बाप आहे.' दोन अक्षरी, ठसठशीत, वर वाद घालायला पूर्ण वाव, कारण समोरचा लगेच म्हणतो, मग जॉर्डन त्याचाही बाप. 'गोट'मध्ये ही सोय नाही. तिथे एकाला बसवले की बाकीचे बाद. बापाला बाप असतो, त्यामुळे रसेलपर्यंत मागे जाता येते.

बायल्सचे काय, ही शंका तुम्ही विचारलेली नाही, पण कुणीतरी विचारेलच. त्याची काळजी बोलणाऱ्यांनी घेतली आहे. 'ती सगळ्यांची बाप आहे' असे पोरी सर्रास म्हणतात. 'बाप' पुल्लिंगी, 'सगळ्यांची' स्त्रीलिंगी. व्याकरणाच्या मास्तरांना ठसका लागेल, पण वाक्य कुणालाही अडत नाही.