प्रश्न आपले : प्रत्येक यंत्रात कायद्याचे कुलूप?

प्रश्न (एक वाचक, फोंडा तालुका) : आमची हौशी नाट्यमंडळी जत्रेला नाटक करते. गेल्या खेपेच्या प्रयोगाचे चित्रण प्रेक्षकांत बसलेल्या कोणीतरी मोबाइलवर केले आणि ते पेनड्राइव्हवर घालून परस्पर विकले. संगणक अभियांत्रिकी शिकणारा माझा मुलगा सांगतो की, प्रत्येक संगणकातच नक्कल रोखणारी यंत्रणा बसवण्याचा कायदा अमेरिकेत येऊ घातला होता, पण विरोधामुळे तो बारगळला. मला तर असा कायदा हवाच होता असे वाटते. मग विरोध करणाऱ्यांचे म्हणणे तरी काय होते?

उत्तर : आपला संताप रास्त आहे आणि आपले चित्रण विकणाऱ्याला जाब विचारण्याची सोय आपल्या कायद्यात आहे, तिच्याकडे शेवटी वळतो. चिरंजीव सांगतात ते खरे आहे. मार्च 2002 मध्ये साउथ कॅरोलिनाचे सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांनी अमेरिकी सिनेटमध्ये एक विधेयक मांडले. त्याचे नाव ब्रॉडबँड आणि डिजिटल दूरचित्रवाणीच्या प्रसाराचे होते, पण आतला मजकूर वेगळाच होता. कॉपीराइट असलेली कोणतीही कृती डिजिटल रूपात दाखवणारे, वाजवणारे किंवा उतरवून घेणारे प्रत्येक यंत्र आणि प्रत्येक सॉफ्टवेअर सरकारमान्य नक्कलबंदीसह विकले जावे, ती नसेल तर विकताच येऊ नये, अशी त्यात तरतूद होती. यंत्रे बनवणारे, चित्रपट व संगीत कंपन्या आणि ग्राहक संघटना यांनी एका वर्षात एकमताने मानक ठरवायचे आणि ते न जमल्यास सरकारी दूरसंचार आयोगाने ते लादायचे, असा बेत होता. डिस्नेसारख्या चित्रपट कंपन्या त्याच्या बाजूने होत्या, तर इंटेलसारख्या संगणक कंपन्या विरोधात. प्रिन्स्टन विद्यापीठातील प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी या व्याख्येत काय काय सापडते याची यादीच करायला घेतली आणि तिच्यात भिंतीवर टांगायचा, गाणे म्हणणारा खेळण्यातला मासाही निघाला. विधेयक समितीतच अडकून संपले.

आता आपल्या नाटकापुरते पाहू. यंत्रातील कुलूप खुणेवर चालते. चित्रपट कंपनी आपल्या प्रतीत एक खूण पेरते, यंत्र ती खूण वाचते आणि नक्कल नाकारते. आपला प्रयोग रंगमंचावर जिवंत झाला आणि समोरच्या रांगेतल्या माणसाने तो मोबाइलमध्ये टिपला. त्या चित्रणावर खूण कोण पेरणार? म्हणजे हा कायदा झाला असता तरी ते चित्रण पेनड्राइव्हवर विनातक्रार उतरले असते. उलट, मंडळीने स्वतः केलेले ध्वनिमुद्रण मात्र अडण्याची शक्यता होती, आणि हे मी केवळ तर्काने सांगत नाही. अमेरिकेत 1992 सालच्या कायद्याने घरगुती डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रांत अशी यंत्रणा सक्तीची झालीच होती. मूळ मुद्रणाची डिजिटल नक्कल करू द्यायची, पण नकलेची नक्कल करू द्यायची नाही, असा तिचा नियम होता. मुद्रण विकत आणलेल्या तबकडीवरून घेतले आहे की आपल्याच भजनी मंडळाचे आहे, हे त्या यंत्राला कळण्याचा काही मार्ग नव्हता. व्यावसायिक यंत्रांना ही सक्ती लागू नव्हती, त्यामुळे महाग यंत्र परवडणाऱ्या स्टुडिओला मोकळीक राहिली आणि घरात बसून गाणाऱ्याला अडकाठी आली. त्या कायद्याने संगणकाला वगळले होते. ती फट बुजवण्याचा प्रयत्न म्हणूनही 2002 च्या विधेयकाकडे पाहता येते.

विधेयक गेले तरी हा विचार गेला नाही. 2003 मध्ये त्याच दूरसंचार आयोगाने डिजिटल दूरचित्रवाणी संचांसाठी नियम काढला की, प्रक्षेपणातील एक विशिष्ट खूण प्रत्येक नव्या संचाने जुलै 2005 पासून ओळखलीच पाहिजे. ग्रंथालयांच्या संघटनेने त्याविरुद्ध दावा लावला आणि मे 2005 मध्ये न्यायालयाने नियम रद्द केला. प्रक्षेपण घरी पोहोचल्यानंतर संचाने काय करावे हे ठरवण्याचा अधिकार संसदेने आयोगाला दिलेलाच नाही, असा निकालाचा आशय होता. ग्रंथालयांनी या भांडणात पडण्याचे कारण उघड आहे. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय 1832 सालचे आहे; इतक्या काळाची कागदपत्रे जपायची तर एका माध्यमावरून दुसऱ्यावर उतरवत राहण्यावाचून गत्यंतर नसते.

प्रश्न (एक वाचक भगिनी, मडगाव) : माझ्या दिराने लिस्बनहून पोर्तुगीज चित्रपटांच्या डीव्हीडी आणल्या. पैसे देऊन घेतलेल्या आहेत, तरी आमच्या प्लेअरवर चालत नाहीत. हासुद्धा कायदाच का?

उत्तर : नाही, हा करार आहे. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. पोर्तुगाल विभाग 2 मध्ये येतो, भारत विभाग 5 मध्ये. प्लेअर बनवणाऱ्याला डीव्हीडीची सांकेतिक लिपी वापरण्याचा परवाना हवा असेल तर त्याने हे विभाग पाळायचे, अशी अट असते. संगणकातील ड्राइव्हचा विभाग साधारणपणे पाच वेळाच बदलता येतो; पाचव्या बदलानंतर तो तिथेच कायमचा अडकतो, तेव्हा उगाच बदलून पाहू नका. सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारे प्लेअर मिळतात, त्यांपैकी एखादा घ्यावा. मात्र करारातली अट ही बाजारातली गोष्ट आहे. गिऱ्हाईक दुसरे दुकान शोधू शकते. हीच अट कायद्याने सर्व यंत्रांना लागू झाली, तर शोधायला दुसरे दुकानच उरत नाही.

अशा कुलपाचा माझाही एक अनुभव आहे. चवथीला मूळ घरी सगळे जमलो होतो. रात्री आरत्या आटोपल्यावर भाच्याने अंगणात जुना प्रोजेक्टर लावला आणि लॅपटॉपवरून, ज्याची वर्गणी आम्ही रीतसर भरतो अशा सेवेवरचा चित्रपट सुरू केला. आवाज स्वच्छ, पण चादरीवर काळोख. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांची एकमेकांशी जी गुप्त ओळखपाळख व्हावी लागते, ती या जुन्या प्रोजेक्टरला येतच नव्हती. भाच्याने तारा तीनदा काढून लावल्या, मग सगळे जण शेजाऱ्यांच्या नव्या टीव्हीपुढे दाटीवाटीने बसलो. चोरी कोणाचीच नव्हती.

प्रश्न (एक विद्यार्थी, फर्मागुडी) : मुक्त सॉफ्टवेअर वापरणारे या विषयावर इतके कडवे का असतात?

उत्तर : कारण त्यांच्या अस्तित्वाचाच प्रश्न येतो. मुक्त सॉफ्टवेअरचा कोड कोणालाही वाचता व बदलता येतो. त्यात नक्कलबंदी घातली तर वापरणारा ती ओळ पुसून टाकू शकतो, म्हणून सक्तीच्या कायद्याला असे सॉफ्टवेअर चालण्याजोगे नसते. नॉर्वेतील योन योहानसेन या मुलाचे उदाहरण आपल्याला ठाऊक असेल. डीव्हीडीची सांकेतिक लिपी उलगडणारा आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रोग्राम बनवण्यात त्याचा हात होता. लिनक्स या मुक्त सॉफ्टवेअरच्या संगणक प्रणालीवर डीव्हीडी पाहता याव्यात म्हणून हा उद्योग केला, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्यावर खटला भरला गेला. 2003 मध्ये खालच्या आणि वरच्या, दोन्ही न्यायालयांनी त्याला निर्दोष ठरवले. स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहणे हा गुन्हा त्यांना दिसला नाही.

आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 65अ आले. कुलूप तोडणे हा त्यात गुन्हा आहे, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडले असेल तरच. हा एक शब्द मला फार मोलाचा वाटतो. न्यायाधीश हेतू तपासू शकतो, साक्षी काढू शकतो. प्रोजेक्टर तसे करू शकत नाही. यंत्रात सक्तीने कुलूप घालणाऱ्या कायद्याला माझा जो विरोध आहे, तो एवढ्याच मुद्द्यावर आहे. लेखक-कलावंतांना मोबदला मिळू नये असे म्हणणाऱ्यांत मी नाही.

फोंड्याच्या वाचकांना राहिलेले उत्तर : रंगमंचावर प्रयोग करणाऱ्या कलाकाराला त्याच कायद्याच्या कलम 38 आणि 38अ अन्वये स्वतःचा हक्क आहे. त्याच्या संमतीवाचून चित्रण करणे आणि विकणे हा त्या हक्काचा भंग ठरतो. जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम 63 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पेनड्राइव्हची एक प्रत, ती कोठे व केव्हा घेतली याची नोंद आणि प्रयोगाची हस्तपत्रिका हाताशी ठेवून वकिलाला भेटावे. जाताना नाटककाराचे परवानगीपत्रही सोबत असू द्यावे. ते घेतलेले नसेल, तर आधी त्यांच्याकडे जाऊन या.