भाडं कमी का, हे आधी विचार

चि. पोरी,

आशीर्वाद. भोसरीत डिस्पॅचला लागलीस आणि पहिल्याच महिन्यात कोलकात्याचा माल गळ्यात पडला, हे तुझ्या बाबांकडून कळलं. तीन ट्रान्सपोर्टवाल्यांचे दर तू मागवलेस आणि सगळ्यात कमी दर साहेबांना कळवून मोकळी होणार होतीस, तेवढ्यात बाबा म्हणाले, "काकांना विचार." बरं झालं. कमी दरात काहीतरी खोट असणारच, असं मी म्हणत नाही. पण तो कुठून तरी आलेला असतो. कुठून आलाय ते कळलं की मग हो म्हण.

कधी तो अगदी सरळ कारणाने आलेला असतो. पुणे ते कोलकाता अंदाजे १,८५० किलोमीटर. गाडीमालक हिशेब जाण्याचा करत नाही, जाऊन येण्याचा करतो. पुण्याची गाडी तिकडे गेली आणि परतीचा माल मिळेना, तर चार-चार दिवस बसून राहायचं नाहीतर पडेल त्या भाड्यात भरून निघायचं. हा सगळा धोका तो जातानाच्या भाड्यात धरतो. उलट छत्तीसगड-ओडिशाकडून लोखंड घेऊन आलेली एखादी गाडी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत रिकामी उभी असते. तिला घरच्याच दिशेने जायचंय. ती कमी भाड्यात निघते आणि त्यात कुणाचंच नुकसान नाही. म्हणून फुल गाडी ठरवताना नंबर कुठल्या राज्याचा आहे आणि गाडी खाली कधी झाली, हे खुशाल विचारावं. फक्त लोखंडाची गाडी बहुधा उघडी असते. जून ते सप्टेंबर तिच्यावर माल घालायचा तर ताडपत्री अंथरून, झटकून, भोकं बघून घे. ड्रायव्हर "नवीच आहे मॅडम" म्हणेल. तरी बघ.

तुझा माल मात्र फुल गाडीचा नाही. पंपाची एक लाकडी पेटी आहे, म्हणजे पार्ट लोड, इतरांच्या मालाबरोबर एका गाडीत जाणारा. इथे दराची खरी गंमत असते.

पार्ट लोडमध्ये किलोचा दर सांगतात, पण किलो कुठला ते सांगत नाहीत. समज, पेटी चार बाय चार बाय पाच फूट आहे. घनफळ ८० घनफूट, म्हणजे त्यांच्या भाषेत ८० सीएफटी. काट्यावर वजन भरलं ४५० किलो. ट्रान्सपोर्टवाला काट्याचं वजन आणि जागेचं वजन यातलं जास्त असेल ते लावतो, आणि एका सीएफटीला किती किलो धरायचे हे ज्याचं तो ठरवतो. कुणी सहा धरतं, कुणी आठ, कुणी दहा. सहाने तुझी पेटी ४८० किलो झाली, दहाने ८०० किलो. आता अकरा रुपये सांगणाऱ्याचं बिल येईल ५,२८० आणि आठ रुपयेवाल्याचं ६,४००. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, पण तुझ्या तीन कोटेशनांत हीच भानगड असणार. त्यावर एलआर चार्ज (बिल्टी फाडण्याचा), हमाली, डोअर डिलिव्हरी वेगळी. शेवटी पेटी तिथल्या दारात पोचवण्याचे एकूण किती, हा एकच आकडा तिघांकडून लेखी घे आणि तोच ताडून बघ.

पेटीचं माप आत बसलेल्या पंपाचं नको, बाहेरून घे. खालचे पाट, बाहेर आलेले खिळे, वरचा हुक, सगळं धरून. सुतार आवडीने सहा इंच मोकळी जागा सोडतात, आणि ती पोकळी कोलकात्यापर्यंत आपल्या पैशाने प्रवास करते.

आता कागद. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर आहे, तेव्हा ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा माल नेण्याचा ऑनलाइन कागद, लागणारच. त्यातला पार्ट-ए, म्हणजे मालाचा तपशील, तू भरशील. भोसरीहून ट्रान्सपोर्टवाल्याच्या निगडीच्या गोडाऊनपर्यंत पन्नास किलोमीटरच्या आत, राज्यातल्या राज्यात माल जातोय, तेवढ्यासाठी पार्ट-बीमध्ये गाडी नंबर टाकायची गरज नाही. पुढे लांबच्या गाडीत माल चढला की ट्रान्सपोर्टवाला पार्ट-बी भरतो आणि तिथून मुदत सुरू होते. दर २०० किलोमीटरला एक दिवस, उरलेल्या तुकड्यालाही एक, म्हणजे आपल्याला दहा दिवस. २०२१ च्या आधी शंभर किलोमीटरला दिवस मिळायचा, तेव्हा हा जाच नव्हता.

दहा दिवस भरपूर वाटतात ना? थेट गाडीला ते भरपूर आहेतच. नगर, संभाजीनगर, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असं करत रोज साडेतीनशे किलोमीटर धरले तरी सहाव्या दिवशी गाडी पोचते. पण स्वस्त पार्ट लोडवाल्याकडे पूर्वेचा माल रोज गाडीभर जमतोच असं नाही. तो इथून नागपूरपर्यंत एका गाडीत पाठवतो, तिथे गोडाऊनला उतरवतो, रायपूर-कोलकात्याचा लोड पुरा व्हायची वाट बघतो. कमी दर इथून आलेला असतो. त्यात दिवस जातात, गाडी बदलली की पार्ट-बीमधला नंबर बदलावा लागतो, आणि तो बदलायचा राहिला किंवा मुदत टळली तर रस्त्यात गाडी अडते. दंड कराच्या दुप्पट. मुदत संपण्याआधीच्या आणि नंतरच्या आठ तासांत ती वाढवता येते, पण त्यासाठी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कुणीतरी जागं हवं. सातव्या दिवशी तूच फोन लाव. दहाव्या दिवशी फोन उचलत नाहीत.

शिवाय प्रत्येक उतरवा-चढवीला पेटी एकदा आपटते. पेटीवर बाण काढून "वरची बाजू" हिंदी-इंग्रजीत लिहून घे आणि हायड्रा क्रेनचा पट्टा कुठे लावायचा तिथे रंगाने खूण कर. नागपूरच्या हमालाला आपलं मशीन काय आहे ते कसं कळणार? हमालांवरून आठवलं, पन्नास किलोच्या वरचा नग माणसाच्या पाठीवर द्यायचा नाही. पुण्यात हमाल पंचायतीने त्यासाठी वर्षानुवर्षं भांडून घेतलंय. साडेचारशे किलोची पेटी आहे, तेव्हा उतरवायला तिकडे क्रेन किंवा फोर्कलिफ्ट आहे का हे माल घेणाऱ्या पार्टीला आत्ताच विचार. नसेल तर गाडी दारात उभी राहील आणि हॉल्टिंगचं बिल आपल्याला येईल.

नुकसान झालं तर काय, हे साहेब तुला विचारणारच. एलआरवर, म्हणजे बिल्टीवर, मालाची किंमत लिहिलेली असते म्हणून ट्रान्सपोर्टवाला तेवढी भरून देईल, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. रस्ते वाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम सांगतात की जास्तीची जोखीम वेगळा दर देऊन ठरवली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. वरच्या हिशेबातल्या ५,२८० च्या भाड्याला ५२,८००. तुझा पंप चार लाखांचा असेल तर बाकीचे गेले. म्हणजे भाडं जितकं खाली ओढशील तितकी ही रक्कमही खाली येते. कंपनीची ट्रान्झिट विम्याची ओपन पॉलिसी, म्हणजे सगळ्या खेपांना मिळून एकच, आहे का, ते अकाउंट्सला विचार. नसेल तर या एका खेपेपुरता विमा काढ. आणि कोलकात्याच्या पार्टीला बजावून सांग: पेटी फुटलेली दिसली तर पीओडीवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पोचपावतीवर, तसं लिहून मगच सही करा, फोटो काढा. कोरी सही करून मागाहून ओरडलं तर विमावालाही ऐकत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी नोटीस द्यायला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवस असतात. डिलिव्हरीच्या तारखेपासून नाही.

आता एक गोष्ट, जी तुझ्या पेटीला लागू नाही पण पुढे लागेल. फुल गाडीत दर खाली आणायला "दोन टन जास्त घालू" असं कुणी म्हणालं तर नाही म्हण. दहा चाकी गाडीची मालासकट एकूण वजनाची मर्यादा २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ केलीच आहे. त्याच्याही वर गेलं की २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. कायद्यात गाडी हाकणाऱ्याइतकाच हाकायला लावणाराही धरलाय. आणि तीन दिवसांत कोलकाता देतो म्हणणाऱ्याला ड्रायव्हर किती आहेत ते विचार. एकच असेल तर तो वेग झोपेतून काढलेला आहे. कायदा ड्रायव्हरला दिवसाला आठ तास म्हणतो. ते आठ तास कुणी मोजत नाही, ही आपल्या धंद्याची लाज आहे.

कोलकात्यात मोठ्या गाड्यांना दिवसा शहरात शिरता येत नाही. पार्टीचं गोडाऊन शहराबाहेर डानकुनीकडे असेल तर अडचण नाही, शहरात असेल तर डिलिव्हरी रात्रीची किंवा छोट्या गाडीने, आणि तो खर्च कुणाचा हे आधी ठरव. दुर्गापूजेच्या आठवड्यात माल पोचेल असा पाठवूच नकोस. इकडे चाकण-शिक्रापूर रस्त्याला संध्याकाळी अडकलेली गाडी नगरला मध्यरात्री पोचते, तेव्हा निगडीला माल सकाळीच टाक.

त्या तिसऱ्या, सगळ्यात स्वस्त ट्रान्सपोर्टवाल्याला उद्या फोन करशील तेव्हा दोनच प्रश्न विचार: सीएफटीला किती किलो धरता, आणि नागपूरला माल उतरतो का. काय म्हणाले ते मला संध्याकाळी कळव.

तुझा,
काका