‘शी प्ले’ म्हणणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

या वेळीही निम्मी पत्रं त्या एका ‘एस’बद्दलच आहेत: इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळात ‘ही’, ‘शी’, ‘इट’ असले की क्रियापदाला लागतो तो, ‘शी प्लेझ’मधला. तेव्हा पुन्हा एकदा.

प्रश्न : मुलगी पहिलीत आहे. साध्या वर्तमानकाळाची व्याख्या पाठ करून घेऊ का?

नको.

प्रश्न : मुलगा समोर धावतोय, तर ‘ही रन्स’ चूक कसं? वर्तमानकाळच ना?

नाव फसवं आहे. हा काळ सवयीचा आणि नेहमी खऱ्या असणाऱ्या गोष्टींचा. ‘तो रोज धावतो’ आणि ‘तो बघ, धावतोय’ यांतला फरक मुलांना मराठीत येतोच, तिथूनच सुरुवात करा. धावत्या मुलाच्या चित्राखाली ‘ही रन्स’ छापणारे तक्ते भिंतीवरून उतरवलेत तर उत्तम.

प्रश्न : आठ वर्षांचा मुलगा ‘शी प्ले’ आणि ‘दे प्लेझ’ म्हणतो. शंभरदा सांगितलं. लक्षच देत नाही का?

देतो, म्हणून तर चुकतो! ‘कॅट’ एक, ‘कॅट्स’ अनेक, हे आपणच शिकवलं. मग ती एकटी तर ‘प्ले’, ते पुष्कळ तर ‘प्लेझ’. हिशेब चोख आहे, फक्त क्रियापदाला तो लागू नाही. आणि घाई कसली? मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी तीन इंग्रजीभाषक मुलांचं बोलणं तपासून १९७३मध्ये १४ व्याकरणिक घटकांचा क्रम मांडला. त्यात ‘आयएनजी’ (‘रनिंग’मधला) पहिला आणि क्रियापदाचा हा ‘एस’ दहावा. घरात इंग्रजीच ऐकणाऱ्यांची ही गत, आणि आपण चाचणीत एक गुण गेला म्हणून शिकवणी शोधतो. दर चुकीला टोकू नका. तो ‘शी प्ले’ म्हणाला की ‘हो, शी प्लेझ एव्हरी डे’ म्हणा आणि पुढे बोलत राहा. शिवाय हा ‘एस’ कानाला एकसारखा नाही: ‘वॉक्स’मध्ये स, ‘प्लेझ’मध्ये झ, ‘वॉचिझ’मध्ये इझ. मात्र ‘घास’, ‘बस’ अशा मराठी शब्दांतलाही शेवटचा स तो गाळत असेल, तर व्याकरण बाजूला ठेवा आणि श्रवणतपासणी करून घ्या. ‘मोठा झाला की येईल’ ही शेजाऱ्यांची खात्री इथे चालत नाही.

प्रश्न : ‘ही डझन्ट गोज’ का चूक?

‘एस’ ‘डझ’ने आधीच घेतलाय. ‘गो’ला उरला नाही.

प्रश्न : ‘३० दिवसांत सगळे काळ, प्रमाणपत्रासह’ असा वर्ग लावू का?

३० दिवसांत तक्ता पाठ होतो. पैसे भरण्याआधी एक तास मागे बसू द्या म्हणावं. मुलं बोलतायत की वहीत सूत्रं उतरवतायत, ते दिसेलच. बसू देत नसतील तर तिथूनच परत या.

प्रश्न : मुलगी ‘आय ॲम गो’ म्हणते.

‘आय ॲम फाइन’ घोकून ‘आय ॲम’ म्हणजेच ‘मी’ असं तिला वाटतंय. ‘आय गो’, ‘आय रीड’, ‘आय स्लीप’ हे हातवारे करत खेळा. वर्गशिक्षिकांनाही विचारा, घरी एक आणि शाळेत दुसरंच सांगितलं जात असेल, तर ते आधी मिटवायला हवं.