चिऱ्याच्या घरात वायरलेस अलार्मचा रिसीव्हर मागच्या दाराचा सेन्सर पकडत नाही, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले की मात्र पकडतो. रिपीटर (सिग्नल झेलून पुढे पाठवणारा डबा) घ्यावा का?

टेबलावर पकडतो म्हणजे रिसीव्हर चांगला आहे. रिपीटरवर इतक्यात पैसे घालू नका, आधी रिसीव्हरची जागा बदला. तो ठेवलाय कुठे, हे तुम्ही लिहिलेलंच नाही आणि सगळं घोडं तिथेच अडलेलं असतं.

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, जुनं, चिऱ्याचं. नवरा जहाजावर असतो, त्यामुळे वर्षातले बरेच महिने घरात मी, सासूबाई आणि मुलगा. अलार्म हवा हा हट्ट माझा. पण बसवायला माणूस आला त्या दिवशी मोठे भावोजी येऊन उभे राहिले आणि त्यांनी रिसीव्हर लोखंडी कपाटात ठेवायला लावला, मागच्या पत्र्याला भोक पाडून वायरी आत घेऊन. चोराच्या नजरेस पडला तर तो आधी तोच फोडेल, हे त्यांचं कारण. मी म्हटलं, लोखंडात कोंडल्यावर त्याला सिग्नल मिळणार कसा? "तुला ह्यातलं काय कळतं," विषय संपला. बसवणाऱ्यानेही मान डोलावली, कारण पैसे भावोजींच्या हातून मिळायचे होते. पुढच्या दाराचा सेन्सर कपाटाला लागून, तो वाजला. मागच्या दारापर्यंत जाऊन कोणी बघितलंच नाही.

पावसाळा लागला आणि एका सकाळी मागीलदार उघडं. न्हाणीतलं तांब्याचं भाण गेलं होतं, सासूबाईंच्या लग्नातलं. चुलीवर ते जिथे बसायचं तिथे काजळीचं गोल वळं तेवढं राहिलं होतं. अलार्म रात्री लावलेला होता, हूटर एकदाही वाजला नाही. भावोजी आले आणि म्हणाले, "वायरलेस म्हणजे पोरखेळ, तार ओढायला हवी होती."

त्याच दुपारी मी रिसीव्हर हातात घेतला. मुलगा मागचं दार उघडत-लावत होता, मी रिसीव्हरच्या दिव्याकडे बघत होते. कपाटात ठेवून दार लावलं की दिवा मेलेला. कपाट उघडं ठेवलं की कधी लागायचा, कधी नाही. माजघरातल्या उंच लाकडी फळीवर ठेवला तर दर वेळी लागला. सेन्सर तोच, सेल तोच, मधल्या भिंतीही त्याच. भावोजींना दाखवलं तर म्हणाले, आज ऊन आहे म्हणून चालतंय. मग भर पावसात पुन्हा करून दाखवलं. तेव्हाही लागला. कपाटाचा दोष होता हे त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.

कारण साधं आहे. बाजारातले बहुतेक स्वस्त संच ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. चिऱ्याची जाड भिंत हा सिग्नल थोडा खाते, पावसात भिजलेली भिंत आणखी खाते, तरी बराचसा पार जातो. लोखंड मात्र तो अडवतं. कपाट, फ्रिज, मागच्या पडवीवर घातलेले पत्रे, सगळं त्यातच आलं. तेव्हा रिसीव्हर घराच्या मध्यावर, उंचावर, लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या आधाराने ठेवा. एरियलची तार साधारण १७ सेंटिमीटर असते, ती सरळ राहू द्या. डब्यात गुंडाळून कोंबू नका, कापू नका, लाइटच्या वायरीला बांधू नका. अडॅप्टर आणि एलईडी बल्बही जरा लांब ठेवा, त्यांच्या विजेच्या गोंगाटाने रिसीव्हरची पोच कमी होते. मागचं दारच लोखंडी असेल तर सेन्सर लाकडी चौकटीवर लावा आणि दारावर फक्त त्याच्या जोडीचा मॅग्नेट.

लपवायचाच असेल तर लाकडी कपाटात लपवा, त्याने फारसं बिघडत नाही. हूटर वेगळा, उंच लावा.

तार ओढा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं: नवीन घर बांधत असाल तर खुशाल ओढा, तारेची बरोबरी नाही. पण उभ्या चिऱ्याच्या घराला झिऱ्या पाडून गिलावा फोडायचा आणि आत घुशी-उंदरांनी कुरतडलेली वायर शोधत बसायचं, हा सल्ला देणाऱ्याने आधी स्वतःच्या घरात करून दाखवावा. आणि रिसीव्हर कुठे राहील हे रात्री त्या घरात झोपणाऱ्याने ठरवावं, चतुर्थीला चार दिवस येणाऱ्याने नव्हे.

काही गोष्टी राहिल्या. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर तपासताना घाई करू नका. बॅटरीवरचे बरेच पीआयआर एकदा सिग्नल दिला की काही मिनिटं गप्प बसतात आणि लोक उगाच रिसीव्हरला दोष देतात. स्वस्त संचातला सेन्सर फक्त बोलतो, ऐकत नाही, त्यामुळे त्याचा सेल मेला तरी रिसीव्हरला पत्ता लागत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत सेलच्या पट्ट्या हिरव्या पडतात, दर महिन्याला उघडून पुसा आणि दार उघडून हूटर वाजतो का बघा. रिमोट रोलिंग कोडचा, म्हणजे दर वेळी कोड बदलणारा घ्या, ठरीव कोडची नक्कल सहज होते. आणि हो, गोठा किंवा एखादी खोली घरापासून सुटी असेल तर रिपीटर खरंच लागू शकतो. पण जागा बदलून, प्रत्येक दार उघडून बघितल्यावरच.

तुमचा रिसीव्हर सध्या कशाच्या आत आहे आणि मागचं दार लाकडी की लोखंडी, एवढं लिहा, मग पुढचं सांगते.