वाचकांचे प्रश्न : मधपेट्यांचा रात्रीचा प्रवास

प्रश्न : माझ्याकडे मेलिफेरा (युरोपीय जातीच्या) मधमाश्यांच्या बारा पेट्या आहेत. गेल्या फेब्रुवारीत डाळिंबाच्या आंबे बहरासाठी (उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यासाठी) त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सांगोल्याकडे नेल्या. माश्या बाहेर पडू नयेत म्हणून पेट्यांची दारे चिखलाने लिंपली होती आणि वरून ताडपत्री घट्ट ओढली होती. पोहोचेपर्यंत सकाळचे दहा वाजले. चार पेट्यांत माश्यांचा ओला, काळा थर तळाशी पडलेला होता आणि पोळी चौकटीतून तुटून खाली आली होती. यंदा मित्राच्या जीपमागे दोन चाकी ट्रेलर जोडण्याचा विचार आहे. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, भुदरगड

उत्तर : आपल्या पत्रातला ‘ओला’ हा शब्द सगळे सांगून जातो. आपल्या माश्या धक्क्यांनी नव्हे, गुदमरून मेल्या. पिल्ले असलेल्या भागाचे तापमान माश्या 34 ते 35 अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात आणि ते वाढू लागले की दाराशी पंख हलवून आतली गरम हवा बाहेर काढतात. दार बंद असेल तर तीच हवा आतल्या आत फिरत राहते, कोंडलेल्या माश्या अधिक बिथरतात, त्या धावपळीने उष्णता आणखी वाढते आणि शेवटचा उपाय म्हणून पोटातला मध व पाणी बाहेर काढून त्या पेटी थंड करू पाहतात. मेण वितळायला साठ अंशांहून अधिक तापमान लागत असले, तरी त्याच्या बरेच आधी ते मऊ पडते आणि मधाने जड झालेले पोळे स्वतःच्याच भाराने कोसळते. आपण लिहिलेले नाही, परंतु दगावलेल्या चार पेट्या बहुधा आपल्या सर्वांत भरलेल्या पेट्या असाव्यात. कोंडमाऱ्यात भरल्या घराचाच बळी आधी जातो.

म्हणून यंदा दोरीपेक्षा हवेचा विचार आधी करावा. दार चिखलाने न लिंपता त्यावर बारीक तारेच्या जाळीची पट्टी ठोकावी. वरचे झाकण काढून त्या जागी पेटीच्या मापाची, जाळी मारलेली चौकट बसवावी, आणि पेटी भरलेली असेल तर मध्ये एक रिकामी मधकोठी (मध साठवण्याचा वरचा कप्पा) ठेवावी, म्हणजे माश्यांना वर चढून घोळका करायला जागा मिळते. ताडपत्री रात्रीच्या प्रवासात नकोच. मध आधीच काढून घ्यावा, मात्र वाटेपुरता खुराक आत राहू द्यावा. नुकताच आणलेला पातळ मकरंद पोळ्यांत असेल तर तो धक्क्यांनी सांडून माश्यांना चिकटतो, त्यामुळे ऐन बहरात भरलेली पेटी हलवू नये. आणखी एक चूक पुष्कळ जण करतात : निघण्याच्या आदल्या दिवशी पेट्या उघडून सगळे ‘नीट’ लावून ठेवतात. मेलिफेरा माश्यांनी राळेसारख्या डिंकाने चौकटी पक्क्या चिकटवलेल्या असतात; तो जोड आपणच तोडला की वाटेत चौकटी एकमेकींवर आपटतात आणि त्यात राणी चिरडली जाऊ शकते. तपासणी आठवडाभर आधी उरकावी. तळपाट, कोठी आणि जाळीची चौकट लाकडी पट्ट्यांनी एकमेकांस खिळून वर रॅचेटचा पट्टा आवळावा, कारण सुती दोर काही अंतर गेल्यावर हमखास सैल पडतो.

आता ट्रेलरविषयी. तळाशी भाताच्या पिंजराचा वीतभर थर द्यावा, पण मग माश्यांना धूर देण्याचे पेटते धुरांडे ट्रेलरमध्ये कदापि ठेवू नये. पेट्या एकाच थरात, मधे चार बोटे फट ठेवून, चौकटींची लांबी रस्त्याच्या दिशेने येईल अशा रचाव्यात. ब्रेक लागला की चौकटी झोका घेत नाहीत. वजन चाकांच्या आसावर आणि किंचित पुढे असावे, म्हणजे एकूण वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार जीपच्या हुकावर येईल. मागचा भाग जड झाला तर वेग वाढताच ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि तो सावरणे कठीण जाते. ट्रेलरच्या मापाची स्टेपनी सोबत घ्यावी. जीपची असते, ट्रेलरची कोणाकडेच नसते, आणि पेट्या भरलेल्या ट्रेलरचे चाक सकाळी नऊ वाजता भर रस्त्यात बसले, तर पुढचे काय ते आपण गेल्या वर्षी पाहिलेच आहे. आपला प्रवास ऊसहंगामात आहे. अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर वाटेत भेटतील. आपल्या ट्रेलरचे मागचे दिवे आणि लाल परावर्तक तपासूनच निघावे.

संध्याकाळी शेवटची माशी परतल्यावर दारे बंद करावीत आणि उजाडण्यापूर्वी पोहोचता येईल असे निघावे. डिझेल आधी भरून घ्यावे, कारण पंपाच्या लखलखाटात एखाद्या फटीतून निसटलेल्या माश्या दिव्याकडे धावतात. लाल रंग माश्यांना दिसत नाही, तेव्हा बॅटरीवर लाल कागद बांधावा. पोहोचल्यावर पेट्या जागेवर मांडून थोडा वेळ शांत राहू द्याव्यात आणि मग, तोंडावर जाळी घालून, दारे एकेक करून उघडावीत. बागाईतदाराशी फवारणीच्या वेळा आधीच ठरवून घ्याव्यात. कोणाला माशी डसून श्वास लागला किंवा अंगभर गांधी उठल्या, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : दोन पेट्या उसाच्या बांधावरून ओढ्यापलीकडे, सुमारे चारशे मीटरवर भावाच्या शेतात न्यायच्या आहेत. ट्रेलर कशाला, हातगाडीवर नेल्या तर चालेल का? — एक वाचक, कागल

उत्तर : नेता येतील, पण चरायला गेलेल्या माश्या जुन्या बांधावरच परत येतील. माशी आपली पेटी नव्हे, तर पेटीची जागा पाठ करते. रोज हातभर सरकवत नेण्याची युक्ती अंगणात ठीक आहे. चारशे मीटरला वर्षाहून कितीतरी अधिक काळ लागेल. त्यापेक्षा पाच किलोमीटरहून दूर एखाद्या नातेवाइकाच्या मळ्यात पेट्या तीन आठवडे ठेवून मग भावाकडे आणाव्यात. तोवर जुनी वाट ठाऊक असलेल्या बहुतेक माश्यांचे आयुष्य संपलेले असते.

प्रश्न : सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्यांनाही हेच नियम लागू पडतात का? — एक वाचक, आजरा

उत्तर : हवेचे आणि वेळेचे नियम तेच. परंतु सातेरी डिंक गोळा करत नाही, त्यामुळे तिच्या चौकटी नुसत्या टेकलेल्या असतात. दोन चौकटींच्या टोकांमध्ये बांबूच्या कामट्या खोचल्याशिवाय पेटी हलवू नये. शिवाय ही माशी मनस्वी आहे. पाटगावसारख्या मधाच्या गावात तिच्यावर वर्षानुवर्षे काम करणारे लोकही तिला विनाकारण हलवत नाहीत, कारण त्रास झाला की ती पेटी सोडून निघून जाते. न्यायचीच असेल, तर आत भरपूर पिल्ले असताना न्यावी आणि पोहोचलेल्या दिवशी सूर्य मावळल्यावर निम्मी साखर व निम्मे पाणी असा पाक पेटीच्या आत ठेवावा.